शिखाचे समोरचे चार दात

देवास, ६ फेब्रुवारी २०२५

डॉक्टर हर्षित यांस,

हे पत्र मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तू मराठी बोलतोस ठीक, पण वाचताना जोडाक्षर आलं की अडतोस, आणि चार ओळींनंतर कागद आईच्या, म्हणजे माईंच्या, हातात देतोस. तसाच दे. मला तेच हवं आहे. फोनवर तू मला दोन वाक्यं बोलू देतोस आणि तिसऱ्याला तुझं नेटवर्क जातं. माई मोठ्याने वाचत असताना ते जाणार नाही.

माई, नमस्कार. चष्मा लावून सावकाश वाचा.

काल शिखा माझ्या दवाखान्यात आली होती. तुझ्या बहिणीची, विनीताताईंची शिखा. एप्रिलअखेर जिचं लग्न आहे आणि समोरच्या दातांतली फट बुजवायला तू जिला तार लावलीस, ती. सोबत माई होत्या. तुला त्यांनी टेकडीवर देवीच्या दर्शनाला जातो म्हणून सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, दर्शनही झालं. आधी माझ्याकडे आल्या, एवढंच.

मी धारचं घर सोडल्याला चार वर्षं झाली. चार वर्षांनी सासूबाई दारात उभ्या राहिल्यावर काय बोलायचं असतं मला ठाऊक नव्हतं. त्यांनीही वेळ घालवला नाही. चपला काढता काढताच म्हणाल्या, "अगो माधवी, हिचे दात बघ. पेरू खाताना समोरचा दात हलला म्हणते. हर्षितला विचारलं तर तो म्हणतो, हलवतोय म्हटल्यावर हलणारच."

हलवतोय म्हटल्यावर हलणारच! हे वाक्य मी आमच्या कॉलेजच्या कुठल्याही सरांसमोर म्हटलं असतं तर त्यांनी मला वर्गाबाहेर नाही, शहराबाहेर काढलं असतं.

तार लावलेला दात थोडा हलतो, तेवढं मलाही कळतं. मी शिखाचा दात चिमटीत धरला. तो पुढे आला, मागे गेला, बाजूला झाला, आणि वर दाबल्यावर वरही गेला. शिखाने डोळे मिटून घेतले होते. मी एक्स-रे काढला. समोरच्या चारही दातांची मुळं अर्ध्यावर आली आहेत. टोकं बोथट, शाळेतल्या पोराच्या पेन्सिलीसारखी. मोत्यासारखे चार दात, आणि त्यांना आत धरून ठेवायला जेमतेम नखाएवढं काही.

माई, इथे क्षणभर थांबा आणि त्याच्या तोंडाकडे बघा. झालं? आता पुढे वाचा.

इंदूरच्या हॉटेलात दोन दिवसांचा कोर्स करून, दोन्ही वेळचं जेवून आणि हातात प्रमाणपत्र धरून फोटो काढून तू तारा लावायला लागलास. त्या दोन दिवसांत हे सांगायचं राहिलं असावं, म्हणून मी सांगते. भिंतीत खिळा ठोकतात तसा दात हाडात ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पदर असतो, रक्तवाहिन्यांनी भरलेला, जिवंत. तारेने दाताला हलकंसं ढकललं की ज्या बाजूला पदर दबतो तिथे हाड खाणाऱ्या पेशी येतात आणि वाट मोकळी करतात. ज्या बाजूला तो ताणला जातो तिथे हाड घडवणाऱ्या पेशी येतात आणि मागची जागा भरतात. म्हणजे दात आपण हलवत नाही. आपण फक्त सुचवतो, हलवतं ते शरीर. आणि शरीर धारच्या बसस्टँडवरच्या रिक्षावाल्यासारखं हॉर्न वाजवून पुढे जात नाही.

जोर जास्त झाला की पदरातलं रक्तच थांबतं. तिथला भाग मरतो. खरडायला पेशीच उरत नाहीत, मग दात जागचा हलेना. इथे शहाणा माणूस थांबतो. तू काय केलंस ते शिखाने सांगितलं. "मामा म्हणाला, तुझं हाड कडक आहे, आणि दर शनिवारी कसत गेला." दर शनिवारी! मेलेल्या जागेवर आणखी जोर. मग त्या पेशी मागून, हाडाच्या आतून पोखरत येतात, मेलेला भाग साफ करायला लागतात, आणि साफ करताना मुळाचं सालही सोलून नेतात. साल गेलं की मूळ जातं.

मी तिची तार काल कापून काढली. तिला दुखलं नाही. तार सुटल्यावर ती पहिल्यांदा जीभ दातांवरून फिरवून म्हणाली, "मामी, आता पडणार तर नाहीत ना?" मी म्हटलं, पडू देणार नाही. हे मी तिला म्हटलं आहे, त्यामुळे आता तो माझा प्रश्न झाला.

तुझ्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. शिखाचा सुरुवातीचा एक्स-रे पाठव. विनीताताईंना खरं काय ते स्वतःच्या तोंडाने सांग. आणि दवाखान्याच्या पाटीवरून माझं नाव काढ. ते अजून तिथे आहे हे मला माईंकडून कळलं. चार वर्षं तू माझ्या पदवीखाली बसून तारा कसतो आहेस!

उत्तराची अपेक्षा नाही.

माधवी


देवास, २१ फेब्रुवारी २०२५

डॉक्टर हर्षित यांस,

तुझा आवाजी निरोप मिळाला. पेशंट नसताना ऐकला, आणि मग पुन्हा एकदा ऐकला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसेना.

"अरे यार माधवी, हड्डी तो भर जाती है। तू टेन्शन बहुत लेती है।"

हाड भरतं, बरोबर. हाड आयुष्यभर मोडत आणि बांधत राहतं, म्हणून तर दात सरकतात. मुळाचं तसं नसतं. बारीक खड्डे पडले तर जोर थांबवल्यावर ते बुजतात, पण गेलेली लांबी परत येत नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. तू हाड आणि मूळ यांच्यात गल्लत केलीस, आणि तीही निरोपाच्या पहिल्याच वाक्यात. तुझं हे कौशल्य मला नेहमीच थक्क करत आलं आहे.

पुढे म्हणतोस, लड़की के दाँत पहले से कमज़ोर थे. असतील! काहींची मुळं मुळातच बारीक टोकाची असतात, त्यांना जपून हात लावावा लागतो. ते कळायला सुरुवातीला एक्स-रे काढावा लागतो. मी मागितलेला तो तू पाठवला नाहीस, कारण तू तो काढलाच नव्हता. शिखाला विचारलं. ती म्हणाली, "मामाने मोबाईलवर फोटो काढला होता." हसताना.

आणि शेवटी, तू जलती है. कशावर जळू, ते पुढच्या निरोपात सांग. वाट बघते. म्हणजे बघत नाही.

आता विनीताताईंचं. परवा त्यांचा कुक्षीहून फोन आला. मी "ताई" म्हणेपर्यंत त्या सुरू झाल्या होत्या. "माझ्या पोरीची तार तू कुणाला विचारून काढलीस? लग्न तोंडावर आलंय! हर्षित म्हणतो, मधेच तार काढली म्हणून दात ढिले झाले. आणि सगळं डिझाइन तुझंच होतं म्हणे, तूच देवासहून सांगत होतीस!"

मी फोन कानाला धरून उभी राहिले. बाहेर दोन पेशंट बसले होते. हर्षित, तुझ्याकडून मी धैर्याची अपेक्षा कधीच केली नव्हती. पण बहिणीच्या मुलीचे दात धोक्यात आले, आणि तू पहिलं काय केलंस, तर घर सोडून गेलेल्या बायकोच्या नावावर ते ढकललंस. एवढी हलकी चाल तुला सुचली, याचंसुद्धा मला नवलच वाटलं. तुझ्या बाकीच्या कामात डोकं कुठे दिसत नाही.

मी ताईंना म्हटलं, "ताई, मी ओरडणार नाही. तुम्ही शिखाला घेऊन या. मी दोन एक्स-रे शेजारी शेजारी ठेवते, एक तिचा आणि एक दुसऱ्या कुणाचा. मी तोंडातून शब्द काढणार नाही. तुम्ही बघा."

त्या आल्या. चष्मा पुसून पुसून बघत होत्या. मग खुर्चीत बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "हे एवढंच आहे का खाली?" मी म्हटलं, हो. त्या रडल्या नाहीत. पर्समधून मोबाईल काढला, तुझा नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. तू फोन उचललास आणि म्हणालास, "बोल ताई, मैं पेशंट पर हूँ।" त्यांनी काही न बोलता फोन ठेवला. तुला वाटलं असेल, चुकून लागला.

शिखाच्या दातांना मागच्या बाजूने एक बारीक तार चिकटवली आहे. ती ओढत नाही, फक्त चौघांना एकत्र धरून ठेवते. कित्येक महिने आता कुणी काही ढकलायचं नाही, ओढायचं नाही. शरीराला नुसतं सोडून द्यायचं. तुला हा उपचार अवघड वाटेल.

माधवी


देवास, २५ मार्च २०२५

डॉक्टर हर्षित यांस,

रंगपंचमी झाली, तुझा रंग अजून उतरलेला दिसत नाही. या वेळी तू चिडलेला आहेस. माई तुझ्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतात आणि तारेसाठी येणाऱ्या प्रत्येकाला "देवासला जा बाळा" म्हणतात, आणि हे मी शिकवलं आहे असा तुझा आरोप आहे.

माईंना कुणी काही शिकवू शकलं असतं तर तूही काही शिकला असतास. मी सांगितलेलं नाही. मला तुझ्याच निरोपातून कळलं, आणि त्या दिवशी माझं जेवण बऱ्याच महिन्यांनी चवीने झालं. सकाळी भाजी निवडायची परात घेऊन येतात म्हणे. मेथी निवडता निवडता विचारतात, "दर आठवड्याला कसतो का? दुखतं का? मग ऊठ." आणि तू आईला बाहेर काढू शकत नाहीस, कारण धारमध्ये निम्मे लोक त्यांना जमुनाकाकू म्हणतात.

धारहून सहा-सात जण इथे येऊन गेलेत. बहुतेकांचं वेळेत थांबवता आलं. त्यात एक शाळेतली बाई आहे, तिचं कठीण आहे. तिने मला विचारलं, "डॉक्टरसाहब ने तो बोला था छह महीने में हो जाएगा, आप डेढ़ साल क्यों बोल रही हैं?" मी तिला समजावून सांगितलं. तुला माझ्यातलं हेच तर आवडायचं नाही. "माधवी, तेरे यहाँ पेशंट बूढ़ा हो जाता है।" पाहुण्यांसमोर म्हणायचास, आणि सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे, कारण हसले नाही तर मला विनोद कळत नाही असं व्हायचं.

असो. हे पत्र त्यासाठी नाही.

रविवारी शिखा अर्पितला घेऊन आली. अर्पित म्हणजे तिचा होणारा नवरा, राजगढचा. त्यांचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. तू तिला सासरी यातलं काही बोलू नकोस म्हणून बजावलं होतंस. तिने आठवडाभर ऐकलं, आणि मग स्वतःच त्याला सांगून टाकलं. पोरगी तुमच्या घरात वाढली असती तर तिला हे जमलं नसतं.

मुलगा सरळ आहे. मराठी बोलतो, मध्येच माळवीत घसरतो. खुर्चीवर अवघडून बसला होता. मी त्याला एक्स-रे दाखवला, म्हटलं, दात राहतील, पण जपावे लागतील. कडक काही समोरच्या दातांनी तोडायचं नाही. दरवर्षी दाखवायचं. तुमच्या घरच्यांना हे चालणार आहे का, ते लग्नाआधी बोलून घ्या.

तो म्हणाला, "चालायचं काय त्यात? पण मॅडम, मला एक कळत नाही. दात सरळ करायचे कुणाला होते?"

मी म्हटलं, तुमच्याकडच्यांनाच ना? समोरची फट तुमच्या आईंना खटकली होती.

त्याने शिखाकडे पाहिलं. "माझ्या आईला? आई तर म्हणाली होती, हसरी आहे पोरगी. फटीचं कोण बोललं?"

शिखा म्हणाली, "मामा म्हणाला. साखरपुड्याच्या आधी आईला म्हणाला, मुलाकडच्यांनी कानावर घातलंय, मी सहा महिन्यांत करून देतो."

मग अर्पितनेच मोबाईल काढला. धारला येता-जाता त्याने बसस्टँडजवळ तुझा मोठा बोर्ड पाहिला होता, फोटो काढून ठेवला होता, होणाऱ्या बायकोचा म्हणून, कौतुकाने. मी तो पाहिला. डावीकडे फट असलेली शिखा, उजवीकडे फट नसलेली शिखा. "सहा महिन्यांत नवं हसू. लग्नाआधी भेटा."

मुलाकडच्यांचं नाव तू घेतलंस. त्यांनी काही म्हटलंच नव्हतं. तुला बोर्डासाठी चेहरा हवा होता. घरचाच, फुकटचा, ओळखीतला, लग्न ठरलेला.

मी इतके दिवस तुला अडाणी समजत होते, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा दिलासा होता. अडाणी माणसाला शिकवता येतं. आता तोही गेला. ती मुलगी आरशासमोर उभी राहून स्वतःच्या दातांचा राग करत होती, आणि तो राग तू तिला दिला होतास, जाहिरातीपुरता. दर शनिवारी ती कुक्षीहून यायची, तू कसायचास, ती डोक्याला ओढणी बांधून परतीच्या बसमध्ये रडायची. हे तिने मला नाही, अर्पितला सांगितलं, माझ्यासमोर. तिला वाटत होतं, आपण सहन करत नाही म्हणून वेळ लागतोय.

शिखाने फक्त विचारलं, "मामी, तो बोर्ड काढायला लावता येईल?"

येईल. या शुक्रवारपर्यंत उतरव. माझ्या नावाची पाटीही त्यासोबत. नाही उतरवलास तर मी आणि विनीताताई भोपाळला दंत परिषदेकडे एकत्र जाऊ. अर्ज लिहून तयार आहे. ही धमकी आहे. ओळखायला अडचण नको म्हणून सांगते.

माधवी


देवास, १४ मे २०२५

डॉक्टर हर्षित यांस,

बोर्ड उतरला हे कळलं. पाटीही. त्याबद्दल आभार मानायची माझी पद्धत नाही. रस्त्यावरचा कचरा उचलणाऱ्याचे मी आभार मानते, टाकणाऱ्याचे नाही.

लग्नात तू मला टाळलंस ते चांगलं केलंस. कुक्षीत त्या दिवशी इतकं ऊन होतं की मंडपाच्या कापडातूनही चटके बसत होते, आणि तू कोट घालून आला होतास. शिखाला तू पाहिलंस की नाही ठाऊक नाही. आहेर देताना तू तिच्या हाताकडे बघत होतास. मी मात्र तिला पोटभर पाहिलं. फट थोडी परत उघडली आहे. हिरडीतले तंतू ताणलेल्या जागी राहायला तयार नसतात, ते दाताला परत खेचतात. मागची तार मधे सोडवून मी ती उघडू दिली. फोटोवाला "दीदी, मुँह बंद करके मुस्कुराओ" म्हणाला, तेव्हा अर्पितच त्याच्यावर ओरडला, "भिया, जैसी हँसती है वैसी खींचो!"

वऱ्हाड निघाल्यावर माई माझ्या गाडीत येऊन बसल्या. पिशवी आधीच भरलेली होती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून इथेच आहेत. सकाळी टेकडीवर जातात, रोपवे नको म्हणतात, पायऱ्या चढतात. दुपारी दवाखान्यात बसून पोरांना दात कसे घासायचे ते शिकवतात, स्वतःची कवळी काढून.

काल तुझं पत्र आलं. कागदावर, मराठीत, पहिल्यांदाच. "माईला पाठव. घर खायला उठतं. जेवन जात नाही." तीन वाक्यं, त्यात जेवणाचा ण चुकलेला. मी ते माईंना वाचून दाखवलं. हसू आलं तर हसायचं असं मी ठरवून ठेवलं होतं.

आता पुढचं त्या सांगतायत. मी फक्त लिहिते आहे.

*चिरंजीव हर्षित यास आईचे अनेक आशीर्वाद. मी येथे खुशाल आहे. गुडघा बरा आहे. तुझे पत्र पोचले. जेवण जात नाही असे लिहिलेस. भुकेला घाबरू नये, ती वेळेवर येते.*

*तू मला फसवले असते तर मी विसरले असते. आईला मुले फसवतातच. पण तू एका पोरीला तिच्या तोंडाची लाज वाटायला लावलीस. मी तिच्याजवळ राहिले आहे, ती आरशावर टॉवेल टाकायची. तेव्हा मला वाटले होते, नवरीचा लाजरेपणा असेल.*

*तू शिखाच्या सासरी राजगढास जा. एकटा जा. तिच्या सासूसासऱ्यांसमोर बस आणि सांग की तुम्ही काही म्हटले नव्हते, मीच तुमचे नाव घेतले. आणि शिखाला सांग की तिच्यात काही उणे नव्हते. हिंदीत सांगितलेस तरी चालेल. ते झाले की मी घरी येईन. नाही झाले तर इथे मला एक खोली आहे, खिडकी पूर्वेला आहे.*

*तुझी आई, जमुना.*

"एवढंच?" मी विचारलं. म्हणाल्या, "पुष्कळ झालं. अजून लिहिलं तर तो वाचायचा थांबेल."

माझ्याकडून जोडण्यासारखं काही नाही. तू जाशील असं मला वाटत नाही. त्यांना वाटतं. सत्तरी उलटली तरी माणूस ओळखता येऊ नये, हे मला पटत नाही.

माधवी


देवास, ११ जून २०२५

डॉक्टर हर्षित यांस,

रविवारी शिखाचा फोन आला. पहिलंच वाक्य, "मामी, मामा आला होता."

सगळं तिने सांगितलं, तेव्हा तुला ते मला सांगायची गरज नाही, आणि सजवून तर मुळीच नाही. तू उन्हातून चालत आलास. अर्पितच्या वडिलांनी खुर्ची दिली, तू बसला नाहीस. म्हणालास, आपने कुछ नहीं कहा था, मैंने झूठ बोला था. अर्पितच्या आई आत पाणी आणायला गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. मग तू शिखाकडे वळलास, आणि तिथे तुझी जीभ अडली. "तेरे दाँत..." एवढंच म्हणून उभा राहिलास. शिखा म्हणते तुझी हनुवटी थरथरत होती. मी तिला म्हटलं, ऊन लागलं असेल.

तिने तुला चहा दिला. म्हणाली, "मामा, चहा घे. माफ करायचं का ते मी अजून ठरवलेलं नाही. राखीला येऊ नकोस, आईला त्रास होईल. दिवाळीचं दिवाळीला बघू." तू चहा घेतलास आणि कप स्वतः विसळून ठेवलास म्हणे. हे तिने दोनदा सांगितलं. तुमच्या घरात तुला कप विसळताना कुणी पाहिलं नव्हतं.

मला आनंद झाला, असं समजू नकोस. वर्षानुवर्षं मी तुझ्याबद्दल एक मत बाळगून आहे, ते मला सोयीचं होतं, आणि तू त्याला जरासा धक्का लावलास, याचा मला रागच आला. एकदा सरळ चालल्याने माणूस सरळ होत नाही. तू तारांना पुन्हा हात लावणार नाहीस, हे तू विनीताताईंना लिहून दिलंस तेही कळलं. बघू. कीड भर, दात काढ, कवळ्या कर, ते तुला येतं. ते तू खरोखर बरं करायचास. हे एक वाक्य मी खोडणार होते.

शिखाचा एक्स-रे मागच्या आठवड्यात पुन्हा काढला. मुळं आणखी झिजलेली नाहीत. जिथे खरवडलं होतं त्या कडा गुळगुळीत व्हायला लागल्या आहेत. दात हलणं कमी झालं आहे. लांबी आहे तेवढीच राहील, पण जे उरलं आहे ते धरून राहील असं आता मी म्हणू शकते. काल तिने आंबा कापून खाल्ला, आणि मग मला फोन करून कबूल केलं की कोय चोखली. मी रागावले. ती फोनवर हसत होती.

माई उद्या येत आहेत, म्हणून हे पत्र आजच्याच बसने कंडक्टरच्या हाती पाठवते आहे. दहाची इंदूरची बस, तिथून धारची. बसस्टँडवर तू स्वतः ये, कंपाउंडरला पाठवू नकोस. त्यांना चढउतार करताना डावा हात द्यावा लागतो, उजवा त्या घेत नाहीत. चहात साखर नको म्हणतील, अर्धा चमचा घाल. दुपारी गुडघ्याला शेक लागतो. विसरलास तरी त्या मागणार नाहीत, म्हणून विसरू नकोस. तिन्हीसांजेला त्यांच्याशी कुणीतरी बोलायला हवं. विषय काहीही चालतो. उत्तर मात्र द्यावं लागतं, मान हलवून भागत नाही.

आज सकाळपासून त्यांची बांधाबांध चालली आहे. मी मदत केली नाही, पेशंट होते. त्यांचं सामान फार नाही. दोन नऊवारी बाहेर दोरीवर वाळत आहेत, त्या पिशवीत मावणार नाहीत असं मी त्यांना सांगितलं आहे.

त्या मी धारला पाठवणार नाही.

माधवी